आधी पाणी, मग तेल

आमच्या घरच्या बंदुकीने आजवर किती वानरं पळवली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण तिने किती प्रकारची तेलं प्यायली ते मला बऱ्यापैकी सांगता येईल. खोबरेल प्यायली, रेशनचं निळं रॉकेल प्यायली, शिलाई मशीनचं तेल, कधी मोटारसायकलचं इंजिन ऑइल, पलटणीतल्या काकांचं रायफलचं तेल आणि अलीकडे मस्कतहून आलेला डब्यातला फवारा. ठासणीची एकनळी बंदूक, परवाना शेतीसंरक्षणाचा. सिंधुदुर्गात अशा बंदुका अजून पुष्कळ घरांत आहेत. वानरं आणि रानडुकरं ही आमची शेजारमंडळी. कायदा त्यांच्या बाजूने आहे, तो असावाही, त्यामुळे बार बहुतेक वेळा आभाळालाच लागतो. काम आवाजाचं. पण आवाज काढायलासुद्धा नळी धड असावी लागते, आणि एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मधल्या पट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अशा जागी लोखंडाची नळी धड ठेवायची म्हणजे बारा महिन्यांचं पथ्य आहे. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजू लागतं. आमच्याकडे आषाढात साठ टक्के ही कोरडी हवा मानतात.

आजोबांचा सगळा कारभार खोबरेलाचा. घरचे माड, गावचा घाणा, त्यामुळे डोक्याला, कंदिलाच्या काचेच्या चिमट्याला आणि बंदुकीला एकच बाटली. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ताजं खोबरेल लोखंडावर छान पसरतं आणि हवा-पाण्याला काही काळ अडवून धरतं. पण ते टिकत नाही. हवा आणि ओल लागली की तेल खवट होतं, त्यातून आम्लं सुटतात, आणि ज्या धातूचं रक्षण करायचं त्यालाच ती लागतात. पितळेच्या भागावर हिरवट किटण दिसू लागलं की समजावं, तेल आता फितूर झालं. शिवाय खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. मार्गशीर्षातल्या पहाटे चाप ओढला तर घोडा झोपेतून उठल्यासारखा पडायचा आणि बार पेटवणारी टोपी फुटायचीच नाही. वानरं तोवर दुसऱ्या कलमावर. जवसाच्या तेलाची तऱ्हा आणखी निराळी. ते हवेत वाळतं आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. लाकडी दस्त्याला ते अमृत आहे, दोन-तीन पातळ हात चोळून दिले तर लाकूड पावसाला दाद देत नाही. तेच चापाच्या यंत्रात गेलं तर डिंक भरल्यासारखं सगळं चिकटतं. रॉकेलचं म्हणाल तर ते मळ सोडवायला उत्तम, पण उडून जातं आणि मागे नळी उघडी ठेवून जातं. रॉकेलने पुसून "झालं काम" म्हणणारे पुढच्या अमावास्येला गंज खरवडत बसलेले मी पाहिले आहेत.

हा सगळा कारभार मोडला तो पलटणीतल्या काकांनी. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावच्या केंद्रात शिकलेले, थ्री-नॉट-थ्री रायफलच्या जमान्यातले. सुट्टीवर आल्यावर एका दिवाळीनंतर त्यांनी बंदूक उतरवली. सगळ्यात आधी गज नळीत सोडून तो कुठवर जातो ते पाहिलं. गजावर रिकाम्या नळीची खूण असते. ती खूण नळीच्या तोंडापेक्षा वर राहिली तर आत बार भरलेला आहे असं समजायचं. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही, आणि जुन्या घरांतल्या अपघातांच्या बऱ्याच गोष्टी इथूनच सुरू होतात. नळी रिकामी होती. मग त्यांनी पट्ट्या सरकवून नळी दस्त्यापासून सोडवली, टोपी बसते ते बारीक नळकांडं पान्याने काढलं आणि आजीला सांगितलं, हंडाभर पाणी उकळायला ठेव. आजीला वाटलं, आंघोळीला. काकांनी नळीचं बूड घमेल्यात टेकवलं आणि वरून नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली, तेव्हा ती चुलीपासून उठूनच आली.

"अरे, लोखंडार पाणी ओततंस? गंजतली मगे ती!"

काका काही बोलले नाहीत. गजाला चिंदी गुंडाळून ते नळीत वर-खाली करत राहिले, तसं बुडाच्या भोकातून घमेल्यातलं पाणी पिचकारीसारखं आत ओढलं जायचं आणि बाहेर पडायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं आणि सडक्या अंड्याचा वास पडवीभर पसरला. दुसरं पाणी राखाडी. तिसऱ्या-चौथ्या वेळी निवळ आलं, तेव्हा नळी इतकी तापली होती की ती धरायला पोत्याचा तुकडा लागला. त्या धगीनेच आतलं पाणी वाफ होऊन गेलं. मग कोरड्या चिंध्या, चिंदी पांढरी येईपर्यंत, आणि नळी कोमट असतानाच तेलाची चिंदी, आतून एकदा, बाहेरून एकदा. आजी म्हणाली ते चूक नव्हतं. थंड पाणी ओतून नळी तशीच ठेवली असती तर ती गंजलीच असती. सगळी करामत पाणी उकळतं असण्यात होती.

त्या काळ्या पाण्यात काय होतं हे मला फार उशिरा, रसायनाच्या पुस्तकात कळलं. काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक, साधारण पंच्याहत्तर, पंधरा आणि दहा या प्रमाणात. ती जळते तेव्हा सगळी धूर होऊन जाते असा आपला समज असतो, पण वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो: पोटॅशियमचे क्षार, थोडे गंधकाचे, बाकी काजळी. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात. म्हणजे बार उडाल्यावर नळीच्या आत आपण एक ओलसर खारट लेप देऊन ठेवलेला असतो, आणि बाहेर पाऊस. एका रात्रीत आतून तांबूस झाक येते. यावर तेल ओतून काय होणार? क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तेल त्यांच्यावर बसतं आणि त्यांना खाली झाकून ठेवतं. मिठावर तेल ओतून लोणचं टिकतं, नळी टिकत नाही. वर चकचकीत आणि आत काम चालू. पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूच्या मळात मिसळलं तर त्याचं डांबर होतं ते वेगळंच, आणि ते मग गरम पाण्यालाही लवकर दाद देत नाही.

काकांना हे रसायन ठाऊक होतं असं नाही. त्यांच्या अंगात पलटणीची सवय होती, आणि त्या सवयीला स्वतःचा इतिहास होता. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात काळी दारू नसायची, कॉर्डाइट असायचं, पण काडतुसाच्या बुडाशी जी पेट घेणारी टोपी असते तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचं सख्खं भावंडच. दर गोळीमागे चिमूटभर मीठ नळीत. म्हणून गोळीबार झाला की रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओतायचं, हा ब्रिटिशांच्या फौजेतला रिवाज. पुढे टोप्यांचा मसाला बदलला, रायफली बदलल्या, पण ज्यांचे हात त्या काळात शिकले त्यांचा पाण्यावरचा विश्वास गेला नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यातच, पितळी झाकणाच्या आत, तेलाची छोटी बाटली आणि पुलथ्रू ठेवायची जागा असते. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळेचं वजन बांधलेली दोरी. तिच्या फाशात चिंदी अडकवायची आणि एका दमात सरळ ओढायची, दोरी नळीच्या तोंडाला घासता कामा नये. साफ करायची चिंदी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड. तेलाची अरुंद का? कारण जाड चिंदी तेल पिळून टाकते, नळीला लागू देत नाही. कॉलेजात एनसीसीत ज्यांनी रायफल उघडली त्यांना हे आठवत असेल. ठासणीच्या बंदुकीला मात्र पुलथ्रू चालत नाही; तिचं बूड बंद, दोरी जाणार कुठून? म्हणून काकांनी गजावर भागवलं होतं.

याच मळाने या देशात एकदा केवढं रामायण केलं ते आपण सगळे शाळेत शिकलो, फक्त मळाचं नाव कुणी घेतलं नाही. १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीचं काडतूस कागदी होतं आणि त्याला चरबी लावलेली असे. गाईची की डुकराची, हा प्रश्न इतका मोठा झाला की मुळात चरबी लावायचीच कशाला, हे विचारायचं राहून गेलं. आटे पाडलेल्या नळीत काळ्या दारूचा मळ चार-सहा बारांतच इतका घट्ट बसतो की पुढची गोळी वरून ठासली जात नाही. चरबी तो मळ मऊ ठेवते आणि गोळी सरकवते. म्हणजे निवड करायची होती ती एका वंगणाची, आणि ज्यांनी ती केली त्यांनी इथल्या हवेत चरबी टिकते का एवढंच पाहिलं. ते काडतूस तोंडाने कोण फोडणार हे पाहिलं नाही. जानेवारी १८५७मध्ये दमदमला बोभाटा झाल्यावर महिनाअखेरीस शिपायांनी आपलं आपण मेण आणि तेल लावावं अशी मुभा मिळाली. मेण आणि तेल! पहिल्या दिवसापासून तेच चाललं असतं. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता, तो गुळगुळीत कागदच चरबीचा असावा असं बोललं जात होतं. दहा मेला मेरठ पेटलं. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची ती गोष्ट येते. कारणं अर्थातच आणखी पुष्कळ होती, एका डब्यातल्या चरबीने राज्यं हलत नाहीत. तरी घमेल्यातलं काळं पाणी पाहिल्यापासून मला तो धडा शाळेतल्यासारखा वाचता येत नाही.

प्राण्यांच्या चरबीतून आणि घाण्याच्या तेलातून बंदूक सुटली ती जमिनीतल्या तेलामुळे. इंग्रज शिकाऱ्यांच्या सामानात एक रंगून ऑइल नावाची बाटली असे. ब्रह्मदेशात येनानजाउंगला लोक हाताने विहिरी खणून खनिज तेल काढत होते, कंपन्या त्यानंतर आल्या. ते तेल रंगूनच्या बंदरातून जायचं आणि बंदुकांना लागायचं. त्याची थोरवी एवढीच की ते खवट होत नाही आणि वाळून चिकटत नाही. आपल्याकडच्या शिलाई मशीनच्या तेलाचं कूळ तेच. पातळ, रंगहीन, शुद्ध खनिज तेल. तालुक्याच्या बाजारात मिळतं, स्वस्त आहे, आणि यंत्राच्या भागांना माझ्या मते त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. त्याचा दोष म्हणजे ते पातळ आहे, उतरणीला लागतं. बंदूक कोपऱ्यात दस्त्यावर उभी ठेवली की सगळं तेल हळूहळू बुडाशी साठतं, दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड भुसभुशीत करतं; बुडाचं भोक तेलाने भरलं तर पुढचा बार फुसका. म्हणून तेल घातल्यावर बंदूक दोन-चार दिवस तोंड खाली करून ठेवावी, आणि वापरायच्या आधी नळी कोरड्या चिंदीने पुसून घ्यावी. इंजिन ऑइलच्या वाटेला जाऊ नये. नवं असेल तर चालून जातं, पण आमच्याकडे जे यायचं ते गाडीतून काढलेलं काळं तेल, आणि त्यात इंजिनातली आम्लं आणि लोखंडाचा कीस दोन्ही असतात.

मग मस्कतचा फवारा. चुलतभावाने आणला तो डब्ल्यूडी-४०. निळा-पिवळा डबा, लाल नळी. दोन फवारे मारले की नळी अशी चमकते की पाहणाऱ्याला वाटावं, आता जन्मभराची काळजी मिटली. हे द्रव्य १९५३मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीत तयार झालं, आणि त्याचं पहिलं मोठं काम होतं ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावरून पाणी हटवणं. पाणी हटवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पावसात भिजलेल्या बंदुकीवर ते मारलं तर फटींतलं पाणी खरंच बाहेर येतं. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा असतो आणि मागे राहतो तो अगदी विरळ थर. श्रावण काढायला तो पुरत नाही. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, सगळे तेच वापरतात." वापरत असतील, मस्कतला पाऊस किती पडतो? पुढच्या खेपेला त्याने जर्मन तेल आणलं, बॅलिस्टॉल. १९०४च्या सुमारास कैसरच्या सैन्यासाठी घडवलेलं. सैनिकांना लोखंड, लाकूड आणि कातडं तिन्हींना एकच बाटली पुरावी म्हणून. ते किंचित अल्कधर्मी आहे आणि पाण्यात कालवलं तर दुधासारखं पांढरं होतं, त्यामुळे काळ्या दारूच्या मळावर ते खरंच कामाचं आहे. वास मात्र असा की बायको बाटली घरात ठेवू देत नाही, ती खोपीत असते.

त्याच भावाने एक देखणी पेटीही आणली होती, आतून स्पंज, वरून चामडं. बंदूक तिच्यात नवरीसारखी दिसायची. स्पंज आणि चामडं दोन्ही ओल धरून ठेवतात, चामड्यात कमावतानाचे क्षारही असतात. गणपतीपर्यंत नळीवर स्पंजाची नक्षी उमटली होती, तांबड्या रंगात. काकांनी पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, भांडी ठेव त्यात. बंदूक परत माजघरात, चुलीच्या भिंतीला, तेलकट सुती कापडात सैल गुंडाळून. ती जागा घरात सगळ्यात कोरडी.

बंदुकीच्या नळीचा तपकिरी-काळा रंग असतो ना, तोही मुळात गंजच. कारागीर नळीवर मुद्दाम, मोजून, बारीक गंज चढवतात, मग ती पाण्यात उकळतात. उकळल्यावर तांबड्या गंजाचं काळं ऑक्साइड होतं. सुटा भाग घासून टाकायचा आणि पुन्हा तेच, असे अनेक थर. तांबडा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सोडतो आणि खालचं लोखंड उघडं पाडतो. काळा थर घट्ट बसतो. तरी तो स्वतः फारसं रक्षण करत नाही. तेलाला धरून ठेवतो एवढंच. म्हणून बंदूक चकचकीत करायच्या नादात पॉलिश पेपर मारणाऱ्यांचा मला राग येतो. गंजाचा ठिपका दिसला तर अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने चोळावं, बाकी नळीला हात लावू नये. हात लावू नये हे अक्षरशः. घामात मीठ असतं, आणि काहींचा घाम इतका खारा की त्यांनी धरलेल्या जागी चार दिवसांनी बोटांचे ठसे उठतात.

यातलं सगळ्यात अवघड प्रकरण खंडेनवमी. त्या दिवशी बंदूक पाटावर, कोयती-कुऱ्हाडीच्या शेजारी. वर पाणी शिंपडायचं, ओलं गंध, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. पूजा झाली की बंदूक रात्रभर तशीच ठेवायची, हलवायची नाही, हा घरचा नियम. सकाळी फुलं उचलली की खाली फुलाच्या देठाएवढे तांबूस ठिपके. नियमाशी भांडण करण्यापेक्षा आम्ही जागा बदलली: गंध दस्त्याला, माळ दस्त्याला, नळीला आदल्या दिवशीच तेलाचा जाडसर हात. देवीने आजवर तक्रार केलेली नाही.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता सोळा मार्चला लागली आणि सहा जूनपर्यंत चालली. आमच्याकडचं मतदान सात मेला. म्हणजे आंब्याचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात आणि वानरं बागेत. वानरांना आचारसंहिता कुणी लावणार? पण माझी काळजी दुसरी होती. तिथे ती एका खोलीत इतर बंदुकांबरोबर भिंतीला टेकून उभी राहते, आणि तिला पुसायला कुणी नसतं. ते त्यांचं कामही नाही. अशा वेळी पातळ तेलाचा उपयोग नाही, लागतं ते घट्ट ग्रीस किंवा साधी पेट्रोलियम जेली. नळीला आतून-बाहेरून जाड लेप, तोंडाला ग्रीस लावलेली कापडाची बुची, आणि परत आणताना आठवणीने बुची काढणं. ती विसरून कुणी बार काढला तर नळी फुटू शकते, म्हणून बुचीला मी लांब तांबडी चिंधी बांधतो. त्या वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा चिंधी तीच, लेप नवा.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आहे, बंदूक दाखवायला न्यायची आहे. काकांच्या वेळी एक साहेब नळीत बॅटरी मारून पाहायचे आणि "छान ठेवली आहे" म्हणायचे. आता बहुधा नंबर जुळवतात आणि पुढच्याला बोलावतात. तरी आदल्या रात्री मी ती अगदी कोरडी पुसून ठेवणार आहे. मागच्या खेपेला तेलाचा हात जरा जास्त झाला होता, अर्जावर डाग पडला, आणि कारकुनाने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पुन्हा आणायला लावल्या. दुकान एसटी स्टँडपाशी, आणि वीज गेलेली.